टबासाठी तोडलेली वायर

मुलांनो, तुमच्या बाबांनी पाठवलेला गरम पाण्याचा टब आमच्या फाटकाशी उतरला तेव्हा त्याच्याबरोबर चाळीस पानांचं एक इंग्रजी पुस्तक होतं. टेंपोवाल्याने ते माझ्या हातात दिलं आणि त्या दिवसापासून टबाचा कारभार माझ्याकडे आला. आमच्या घरात असंच आहे. इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो, आणि मी जे सांगेन तेच त्यात लिहिलेलं असतं. माझे वडील पाचगणीच्या एका शाळेत हेडक्लार्क होते, म्हणून मला तिथे इंग्रजीत शिकता आलं. लग्नानंतर या गावच्या हायस्कुलात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. सातारा जिल्हा संपतो तिथलं आमचं गाव. नदी ओलांडली की सांगली जिल्हा. दोन्ही काठांवर मला बाई म्हणतात.

हे मी तुम्हाला इंग्रजीत लिहू शकले असते. तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत लिहायला बसले की मी फार सभ्य होते आणि अर्ध्या गोष्टी गाळते. म्हणून मराठीत लिहिते आहे. अडेल तिथे आईला विचारा.

तुमच्या आजोबांचा, म्हणजे गावाच्या दादांचा, उजवा हात आणि उजवा पाय अर्धांगवायूने गेला, त्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गरम पाण्यात बसवून रोज व्यायाम द्या, पाय थोडा तरी परत येईल. तोपर्यंत मी त्यांना खुर्चीवर बसवून आंघोळ घालत होते. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला सहा फुटी माणूस, आणि साबण डोळ्यात गेला की मला शिव्या द्यायचा. टब मला त्यांच्या पायासाठी हवा होता. पण खरं सांगायचं तर माझ्या कमरेसाठी आणि कानांसाठी जास्त हवा होता.

पुस्तकातली पहिली सात पानं विजेची होती. टबात तीन किलोवॅटचा हीटर, दोन मोटरी. त्याला मेन बोर्डापासून थेट, फक्त त्याच्यासाठी ओढलेली लाइन हवी. त्या लाइनवर दुसरं काहीही नको. जमिनीत जरा कुठे वीज गळली की पापणी लवायच्या आत सगळं बंद करणारा ब्रेकर हवा. एक मोठा स्विच असा हवा की टबातून दिसला पाहिजे, पण टबात बसलेल्या माणसाचा हात त्याला पोचता कामा नये. आणि अर्थिंग निर्दोष हवं. मी चौकटीच्या वहीत परसाचा नकाशा काढला, पावलांनी अंतरं मोजली, घरातल्या प्रत्येक यंत्राच्या पाठीवरचा आकडा उतरवून घेतला: गीझर, फ्रीज, घरघंटी, वॉशिंग मशीन, इस्त्री. मग तालुक्याहून वायरमनला बोलावलं. हा आमचा जुना माणूस. त्याच्या वडिलांनीच आमच्या घराचं पहिलं फिटिंग केलं होतं.

त्याने वही बघितली आणि म्हणाला, "बाई, तुमी तर समदं करूनच ठिवलंय. मी आता काय करू, च्या पिऊन जाऊ?"

मी त्याला पुस्तकातलं वाचून, मराठी करून सांगत गेले. स्वतंत्र लाइनचं ऐकून तो हसला. "म्हंजी ही बया एकटीच नांदणार. सवत चालत न्हाई हिला."

आमचं कनेक्शन सिंगल फेजचं आणि मंजूर लोड जुन्या काळचा. टब लावायचा तर थ्री फेज घ्यावी लागणार होती, लोड वाढवून घ्यावा लागणार होता. त्यासाठी अर्ज करायचा, मग वीज कार्यालयाचा माणूस जागा बघायला येणार. हे सगळं मी एकेका ओळीत लिहून घेतलं. मग वायरमन म्हणाला, आता अर्थिंग बघू. अर्थिंगचा खड्डा आमच्या परसात कढीपत्त्याच्या झाडाखाली आहे: मीठ, कोळसा, मधे उभा पाइप, आणि त्या पाइपाला घरातून आलेली तार. या तारेत एरवी काही नसतं. कुठे बिघाड झाला तर वीज माणसातून न जाता तिच्यातून जमिनीत जावी, एवढ्यासाठीच ती असते.

त्याने चिमट्यासारखं मीटर त्या तारेभोवती लावलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"बाई, हिच्यातनं करंट जातुया की. दिवसाढवळ्या."

"बिघाड आहे का कुठे?"

"बिघाड न्हाई. कुणीतरी वापरतंय."

तो आत गेला आणि बोर्डावरचे फ्यूज एकामागून एक काढायला लागला. मी तारेवरच्या मीटरकडे बघत उभी राहिले. चौथा फ्यूज काढल्याबरोबर आकडा शून्यावर आला आणि परसाच्या पलीकडून हाक आली, "आक्का, लाइट गेली का वं?"

ती धाकटीची हाक होती. धाकटी म्हणजे माझी जाऊ, आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. तुम्ही तिला धाकटी आजी म्हणता. भाऊ जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. परसापलीकडे पत्र्याच्या दोन खोल्या आहेत, तिथे ती राहते. तिची चूल वेगळी आहे. साड्यांना पिको-फॉल करून देते. मशीनला मोटर बसवलेली आहे, ती चालली तर तिचं चालतं.

तिच्या खोल्यांना वीज आमच्याच बोर्डावरून जात होती, हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे: जायला एक आणि परत यायला एक अशा दोन तारा लागतात, त्यातली परतीची तार कधीतरी उंदरांनी खाल्ली होती. तिच्या नवऱ्याने नवीन तार ओढण्याऐवजी तिच्या घरची परतीची तार आमच्या अर्थिंगच्या पाइपाला गुंडाळून दिली होती. आमच्याकडे मळ्यात निम्मे लोक हेच करतात. एक तार खांबावरची, दुसरी जमिनीत ठोकलेल्या गजाची. माती ओली आहे तोवर दिवा लागतो. उन्हाळ्यात दिवा मंद झाला की गजाच्या बुडाशी कळशीभर पाणी ओततात. धाकटीही रोज सकाळी त्या खड्ड्यात पाणी ओतायची. मी इतकी वर्षं समजत होते की ती कढीपत्त्याला पाणी घालते.

वायरमन म्हणाला, "ह्या मातीत करंट हाय तवर दादास्नी पाण्यात बसवू नका. माती वाळली की पाइपालाच करंट येणार. मग टबात हात बुडवला तरी झिणझिण्या येत्याल."

"मग काय करायचं?"

"लय काय न्हाई. ह्यांची परतीची तार, न्यूट्रल, नवी वढतो. आर्ध्या दिसाचं काम." मग डोकं खाजवून म्हणाला, "पर हापिसचा माणूस येणार. एका मीटरवर दोन चुली बघून तो काय म्हणंल सांगता येत न्हाई. त्यापरीस ह्यास्नी सोताचं मीटर घिऊन द्या. कायमचं मिटंल. दादांची एक सही लागंल, हरकत न्हाई म्हणून."

धाकटी एव्हाना परसात येऊन उभी होती. बोटांना दोरा चिकटलेला. तिने विचारलं, "माझ्या नावाचं बिल येईल व्हय?"

"तुमच्याच नावाचं येणार की, वयनी."

तिने ते पुन्हा एकदा विचारलं. मीटर किती दिवसांत येईल, हे नाही विचारलं. बिलावर नाव कुठे छापतात, वर की खाली, हे विचारलं. आमच्या रेशनकार्डावर तिचं नाव शेवटच्या ओळीत होतं. जमिनीच्या उताऱ्यावर कुठेच नव्हतं. सासरे गेले तेव्हा एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून फक्त तुमच्या आजोबांचं नाव लागलं होतं. धाकटा भाऊ गेल्यावर त्याच्या बायकोचं नाव लावायला हवं होतं. ते कुणी लावलं नाही. मला कायदा माहीत होता. मीही बोलले नाही.

संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात आली. आजोबा आत पलंगावर होते. थोरल्या दिराशी ती कधी थेट बोलत नसे; डोक्यावर पदर घेऊन, भिंतीकडे बघत, मला म्हणायची, दादांना सांगा. त्या दिवशीही तसंच म्हणाली. "आक्का, दादांना सांगा, मीटरसाठी सही द्या म्हणावं."

आजोबांना सगळं ऐकू जात होतं. ते आतून म्हणाले, "तिला सांग, मीटर आलं की नाव आलं. नाव आलं की वाटणी आली. मला पायानं अधू केलंय देवानं, डोस्क्यानं न्हाई."

"दादांना सांगा, मी जमीन मागितली न्हाई. दिवा मागितला."

"तिला सांग, आज दिवा. उद्या उसाच्या पट्टीत वाटा."

मी मधे उभी होते आणि मला काहीच सांगावं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वीज कार्यालयात गेले, आमच्या लोडचा अर्ज आणला आणि तिच्यासाठी नव्या मीटरचाही आणला. त्याला नियमांचा एक इंग्रजी कागद जोडलेला होता, बारीक अक्षरातला. मी तो परतीच्या एसटीत वाचला. चौथ्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं की मालकाची संमती मिळत नसेल तर तिथे राहणाऱ्या माणसाने स्वतः हमीपत्र लिहून द्यावं. तेवढ्यावर मीटर मिळतं. सहीची गरजच नव्हती. मी ते कलम दोनदा वाचलं, कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

धाकटी फाटकाशीच वाट बघत होती. "आक्का, काय लिवलंय वं कागदात?"

"मालकांची सही लागते."

"दुसरं काईच चालत न्हाई?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "तुमी वाचलंया म्हंजी तसंच असंल."

मी हे का केलं, याचं एक कारण टब होता. मीटरवरून घरात भांडण पेटलं असतं आणि टब महिनोन् महिने खोक्यात पडला असता. पण तेवढंच कारण सांगितलं तर ते खोटं होईल. वाटणी झाली तर तुमच्या बाबांचा हिस्सा निम्मा झाला असता. मी तुमच्या बाबांची आई आहे. मी हिशेब केला आणि मला तो जमला.

चार दिवसांनी, वीज कार्यालयाचा माणूस यायच्या आधी, मी वायरमनला सांगितलं की मागची वायर काढून टाका.

"काढून? आवं बाई, न्यूट्रल वढतो म्हटलं की मी. हापिसचा माणूस काय तिच्या चुलीत डोकावतोय?"

"पुस्तकात लिहिलंय, टबासाठी अर्थिंग निर्दोष हवं."

"व्हय, पर पुस्तकात ह्यांचं नाव हाय का, ह्यांची लाइट काढा म्हणून?"

"वायर काढा."

तो हत्यारांची पिशवी घेऊन ओट्यावर बसला. "तुमीच सांगा जावा तिला. मी न्हाई सांगणार."

मी सांगायला गेले. मशीनवर कुणाच्या तरी लग्नातली जांभळी साडी होती. धाकटीने ऐकून घेतलं. म्हणाली, "एवढा काठ हुंदे, आक्का. मधीच तुटला तर गाठ दिसती."

"वायरमन खोळंबलाय."

"तो खोळंबलाय का तुमी?"

मी घरात आले आणि फ्यूज माझ्या हाताने काढला. मशीनचा आवाज थांबला. वायरमन माझ्याकडे न बघता उठला, परसातली वायर गुंडाळत गेला, आणि तिची वेटोळी धाकटीच्या उंबऱ्यावर ठेवून आला. तिच्या नवऱ्याची वायर होती, ती तिची तिला.

वीज कार्यालयाचा माणूस आला. त्याने आमचा बोर्ड बघितला, माझी वही बघून "वा" म्हणाला, आणि परसापलीकडे ढुंकूनही बघितलं नाही. वायरमनचं म्हणणं खरं होतं.

धाकटी वीस दिवस तशी राहिली. दिवसा दारात बसून हाताने फॉल लावायची. पिको हाताने होत नाही, त्यामुळे त्या साड्या तिने एकेक करून परत केल्या. घेऊन जाणाऱ्या बायका आमच्या फाटकातून जाताना मुद्दाम थांबायच्या. एक जण मोठ्याने म्हणाली, "बाईंच्या परसात म्हातारा उकडणार, आन् धाकटीच्या घरात मेणबत्ती." दुसरी म्हणाली, "शिकलेल्या माणसाचं बरं असतंया. लाथ मारायची तरी पुस्तक बघून मारत्यात." मी गॅलरीत उभी राहून ऐकलं. पुस्तक बघूनच मारली होती.

एकविसाव्या दिवशी सांगलीहून तिची भाची आली आणि तिला घेऊन गेली. जाताना धाकटीने दाराला कुलूप घातलं, ओढून बघितलं, आणि मला म्हणाली, "आता तुमच्या मातीत माझा करंट न्हाई, आक्का. निवांत झोपा."

मी खरंच झोपले. हेही लिहून ठेवते.

पुढचं काम फार सुरेख झालं. थ्री फेज आली. मेन बोर्डापासून परसापर्यंत चर खणून जाड, लोखंडी कवचाची आर्मर्ड केबल पुरली, तिच्यावर वाळू आणि विटांची ओळ. जुना खड्डा उकरून टाकला, टबासाठी दोन नवे खड्डे केले. मोठा स्विच लावायला, टबातून दिसेल पण हात पोचणार नाही अशी एकच भिंत होती, ती धाकटीच्या खोलीची. तिथेच लावला. वायरमनने त्यावर पावसासाठी पत्र्याची टोपी केली. त्याने ब्रेकरचं बटण दाबून दाखवलं. खट् झालं आणि सगळं बंद पडलं. महिन्यातून एकदा असं दाबून बघायचं, पुस्तकात लिहिलंय. मी कॅलेंडरवर खुणा केल्या.

आजोबांना आम्ही पट्टा बांधून टबात उतरवायला लागलो. पहिल्या आठवड्यात ते नुसतेच बसायचे. तिसऱ्या आठवड्यात उजव्या पायाचा अंगठा हलला. ते इतके खूश झाले की त्यांनी एक विनोद केला. म्हणाले, "धाकटीचा करंट तोडला, तवा कुठं माझ्या पायात आला."

मी हसले. चांगली मोठ्याने हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

दोन महिन्यांनी वायरमन एका मोटरीचा आवाज बघायला आला होता. काम झालं, चहा झाला, कप खाली ठेवताना तो म्हणाला, "मागल्या आठवड्यात सांगलीला गेलतो. वयनींस्नी भेटलो." मी कप उचलला. तो म्हणाला, "मलाबी ठावं नव्हतं, बाई. तिथल्या एका कंत्राटदारानं सांगितलं. मालकाची सही लागत न्हाई म्हणं. हमीपत्रावर हुतंय. त्या कागदातच लिवलेलं असतंय." मग उठला. "मी सांगितलं वयनींस्नी. तुमच्या ध्यानातनं गेलं आसंल."

म्हणजे माझं मन मला खाऊ लागलं आणि मी ते कबूल केलं, असं काही झालेलं नाही. मी पकडले गेले.

तीन दिवसांनी दुपारच्या एसटीने धाकटी आली. आजोबा तेव्हा टबात होते, छातीपर्यंत पाण्यात, अंगावर फक्त जुनी खाकी चड्डी. मी कडेला स्टुलावर बसून त्यांच्या व्यायामाचे आकडे मोजत होते. ती सरळ परसात आली. पदर डोक्यावर होता, पण नजर भिंतीकडे नव्हती. तिने पिशवीतून दोन कागद काढले. एक भाचीने भरलेला अर्ज, दुसरा तोच, बारीक अक्षरातला.

"आक्का, तुमी हे वाचलं व्हतं नव्हं?"

"हो."

"तवाच?"

"तेव्हाच."

तिने मान हलवली.

"मग आता वाचा. मोठ्यांदा. दादांना ऐकू जाऊ दे."

आजोबा म्हणाले, "काय चाललंय हे? आगं, मला आधी बाहेर काढ. कपडे दे माझे."

त्यांना बाहेर काढायला पट्टा लागतो, खुर्ची लागते आणि मी लागते. मी जागची उठले नाही. कागद हातात घेतला आणि चौथं कलम वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत.

"पुन्यांदा," धाकटी म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. आजोबांनी डाव्या हाताने टबाची कड घट्ट धरली होती. ओढून उठायला बघत होते, पाय पाण्यात घसरत होता.

मग लग्न होऊन या घरात आल्यापासून चौतीस वर्षांत पहिल्यांदा धाकटी त्यांच्याकडे बघून त्यांच्याशी बोलली. "दादा, हात काढा जरा. कागद भिजतुया."

त्यांनी हात काढला. टबाची कड वीतभर रुंद आहे. तिथे तिने अर्ज ठेवला, वाकली आणि सही केली. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. एकेक अक्षर पूर्ण करून मगच पुढे जाते. त्यांच्या नाकापासून ते अक्षर हातभर अंतरावर होतं. त्यांना बघावंच लागलं.

"पाणी गार झालंय," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "बाहेर काढ."

धाकटीने पाण्यात बोट बुडवलं. "न्हाई वं दादा. चांगलं गरम हाय की. बसा."

तिने कागद फुंकून वाळवला, पिशवीत ठेवला आणि आपलं कुलूप उघडून आत गेली. दार उघडंच ठेवलं. आजोबा मला म्हणाले ते तिला ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाले. "ह्या घरात वाचायचं एक काम व्हतं तुला. दाबून ठिवायचं तर नीट दाबायचं. त्येबी जमलं न्हाई. कशाला ठिवली मग तुला?"

मी पट्टा बांधला, त्यांना बाहेर काढलं, पुसलं आणि सदऱ्याची पाचही बटणं लावली.

मीटर दीड महिन्यात बसलं. पहिलं बिल आलं तेव्हा धाकटीकडे दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. तिने मला हाक मारली. "आक्का, या की. नाव बराबर हाय का बघा. तुमाला वाचता येतं." मी गेले. त्या दोघींसमोर तिचं नाव वाचलं, तिच्या नवऱ्याचं वाचलं, आडनाव वाचलं. "पत्ताबी वाचा," ती म्हणाली. पत्ता आमचाच होता. तोही वाचला. त्यानंतर आजवर ती माझ्या हातचा चहा प्यायलेली नाही. मीही विचारायचं सोडलं आहे.

आजोबांची भीती मला खुळी वाटत होती, कारण वारसाच्या नोंदीला विजेचं बिल लागत नाही. पण ज्या बाईने कधी कुठल्या कचेरीचा उंबरा ओलांडला नव्हता, तिने एक ओलांडून बघितला होता आणि आतली माणसं खात नाहीत, हे तिला कळलं होतं. बिल आल्यानंतरच्या महिन्यात ती तलाठ्याकडे गेली. मग आमच्याकडे नोटीस आली. आजोबांच्या नावाने होती, मी वाचली. तिच्या नवऱ्याचा वारस म्हणून उताऱ्यावर तिचं नाव लावण्याची मागणी आहे, कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्यावी.

"लिही," आजोबा म्हणाले. "हरकत लिही. सदर महिला ही…"

मी पेनाला टोपण लावलं. "माझं काम वाचायचं. वाचून झालं."

त्यांना आधी वाटलं मी चेष्टा करते आहे. मग शिव्या झाल्या. मग गोडीने झालं. माझ्या अक्षराचं कौतुक झालं, लग्नानंतर पहिल्यांदा. मी रोज वेळेवर त्यांना टबात उतरवलं, व्यायाम घेतला, गोळ्या दिल्या, ठरलेल्या तारखेला ब्रेकरचं बटण दाबून बघितलं. रोज सकाळी नोटिशीचे किती दिवस उरले तेही सांगितलं, न विचारता. त्यांनी डाव्या हाताने लिहून बघितलं. स्वतःचं नाव अर्धं पान भरून उमटलं, आणि पुढे "सदर" या शब्दाशी पेन घसरलं. बाहेरच्या कुणाला लिहायला बोलवावं तर भावाच्या विधवेचं नाव अकरा वर्षं का लावलं नाही, हे त्याला सांगावं लागलं असतं.

त्या पंधरा दिवसांत दोन रविवार आले. दोन्ही रविवारी तुम्ही सगळे फोनच्या पडद्यावर होतात. आजोबा मधोमध बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होते, ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी तुम्हाला अंगठा हलवून दाखवला. तुमच्या बाबांनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, घरी बाकी सगळं ठीक ना? आजोबा म्हणाले, फर्स्ट क्लास.

सोळाव्या दिवशी मी नोटीस फाइलला लावली. गेल्या महिन्यात नोंद मंजूर झाली. नदीकाठचं रान, विहीर, परस, सगळ्यात निम्मा हिस्सा धाकटीचा. मोजणीवाले अजून यायचे आहेत, टबाखालची जमीन कुणाकडे जाते ते तेव्हा ठरेल.

तुमच्या बाबांना हे आजोबांनी कळवलेलं नाही, मीही नाही. तुम्ही हे मोठ्याने वाचत असाल तर ते आता ऐकत असतील.